पिचरला मास्क आधी: सीमाभागातल्या सॉफ्टबॉल संघांसाठी फेस मास्कची निवड, मापं आणि सवय

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, पट्टी होम प्लेटपासून (जिथे बॅटर उभी राहते तिथून) ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. चेंडू टाकताना पिचर पुढे झेप घेते. चेंडू हातातून सुटून ती सावरेपर्यंत तिच्यात आणि बॅटमध्ये जेमतेम ११ मीटर उरलेले असतात. बॅटवरून सरळ तिच्याकडे निघालेला चेंडू ताशी ९० किलोमीटर वेगाने आला, तर हे अंतर तो ०.४४ सेकंदात कापतो. चेंडू दिसून हात हलायला सुरुवात व्हायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या क्षणात मांडीजवळचा ग्लोव्ह तोंडापर्यंत आणायचा असतो, आणि तोही तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने.

लहान वयोगटात चेंडूचा वेग कमी असतो, पण अंतरही कमी असतं. अमेरिकेत १२ वर्षांखालच्या मुलींना ४० फूट आणि १० वर्षांखालच्यांना ३५ फूट अंतर देतात. आपल्याकडे शाळेच्या पटांगणात जागा असेल तशी फक्की मारली जाते, त्यामुळे कित्येकदा मोठ्या मुलीही याहून जवळून खेळतात. चेंडूचं वजनही लक्षात घ्या. १२ इंच घेराचा सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, तर क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. लेदर बॉल तोंडावर बसला तर काय होतं हे बेळगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सॉफ्टबॉल त्याहून जड आहे आणि समोरची खेळाडू कितीतरी जवळ उभी आहे, एवढं पालकांना सांगितलं की मास्कचा विषय निम्मा सुटतो.

त्यात आपली मैदानं. बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती आणि तिच्यातून वर येणारे जांभ्याचे खडे, निपाणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. अशा जमिनीवर सरळ घरंगळत येणारा चेंडू, म्हणजे ग्राउंडर, शेवटच्या हातभर अंतरात अचानक उसळतो. खाली वाकून, तोंड चेंडूच्या रेषेत ठेवून उभ्या असलेल्या मुलीला तेव्हा हलायला सवडच मिळत नाही. आपण तिला शिकवतोच तसं: वाक, चेंडूवरून नजर काढू नको, तोंड फिरवू नको. तिने आपलं ऐकायचं असेल तर तिच्या तोंडासमोर जाळी देणं ही आपली जबाबदारी आहे.

मास्क थोडे असतील तर कुणाला द्यायचे

नऊ जणींना नऊ मास्क घेण्याची ऐपत आपल्या फार थोड्या संघांची आहे. म्हणून आधी क्रम ठरवा. एकच मास्क असेल तर तो पिचरचा. यात मोठी खेळाडू, लाडकी खेळाडू, कॅप्टन असं काही बघू नका. दुसरा मास्क थर्ड बेसला, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला. बेस होम प्लेटपासून ६० फुटांवर, म्हणजे १८.२९ मीटरवर असला तरी बंटची (बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच पाडण्याची) शंका आली की थर्ड बेसवाली धावत पुढे येते. बॅटरने ऐनवेळी बंट सोडून जोरात फटका मारला तर ती पिचरपेक्षाही जवळ सापडते. तिसरा मास्क याच कारणाने फर्स्ट बेसला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली खेळाडू) आणि सेकंड बेस त्यानंतर. आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या पलीकडे लांब उभ्या असणाऱ्यांना, मास्क नसला तरी चालेल, पण दोन फील्डर एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ‘माझा, माझा’ असं ओरडण्याची सवय तिथे जास्त उपयोगी पडते.

हा सगळा हिशेब फील्डिंगच्या मास्कचा आहे. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) आणि बॅटर यांचं सामान वेगळं. कॅचरला मास्क, हेल्मेट, गळ्याचं संरक्षण, छातीचा पॅड आणि लेगगार्ड हवेतच, आणि तिथे फील्डरचा हलका मास्क चालवून घेऊ नका. बॅटला चाटून येणारे चेंडू हातभर अंतरावरून झेलायला तो बनवलेलाच नसतो. बॅटरला दोन्ही कान झाकणारं हेल्मेट हवं, आणि लहान वयोगटात त्याला पुढे जाळी असावी. अमेरिकेतल्या शालेय सॉफ्टबॉलमध्ये बॅटिंग हेल्मेटची जाळी सक्तीची आहे. फील्डरचा मास्क तिथेही बहुतेक ठिकाणी ऐच्छिकच असतो. जाता जाता आणखी एक सांगतो: सरावात अंपायर म्हणून कॅचरच्या मागे उघड्या तोंडाने उभे राहणारे पीटी सर मी नेहमी बघतो. सर, तुम्हीही मास्क घाला. मुली तुमच्याकडे बघून शिकतात.

कोणता मास्क घ्यावा

फील्डिंगचे मास्क मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एक, पोलादी किंवा हलक्या मिश्रधातूच्या सळ्यांची जाळी. दुसरा, पॉलिकार्बोनेट या टणक प्लॅस्टिकचा पारदर्शक किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीचा. सळ्यांच्या जाळीत हवा खेळते, घाम साचत नाही. जाळी वाकली तर लगेच दिसते. पोलादी जाळी जरा जड असते. पॉलिकार्बोनेट हलकं असतं आणि नजरेसमोर सळी येत नाही, पण त्यावर ओरखडे पडतात, पावसाळी हवेत वाफ धरते आणि बारीक तडा गेला तर तो पटकन दिसत नाही. आपल्या दमट पावसाळ्याचा आणि मार्च ते मेच्या घामाचा विचार करता मी सळ्यांच्या जाळीच्या बाजूचा आहे. पारदर्शक मास्क असेल तर तो वाईट म्हणून टाकून देऊ नका. त्याची देखभाल मात्र जास्त करावी लागेल.

बेळगावात क्रिकेट आणि फुटबॉलचं सामान कुठल्याही दुकानात मिळतं. सॉफ्टबॉलचा फील्डर मास्क मात्र बहुधा सांगून मागवावा लागतो. देशातलं बरंच क्रीडासाहित्य मेरठ आणि जालंधरहून येतं, काही मास्क ऑनलाइन मिळतात. ऑनलाइन घेताना चित्र न बघता वर्णन वाचा. ‘सॉफ्टबॉल फील्डर्स फेस मास्क’ असं लिहिलेलं हवं. हॉकीत पेनल्टी कॉर्नरला घालतात तो मास्क दिसायला असाच असतो, पण त्याचं काम वेगळं. ‘युथ’ आणि ‘अॅडल्ट’ अशी दोन मापं असतात, आणि शाळकरी मुलींना बहुतेक वेळा युथ माप बसतं. अमेरिकेतल्या ‘नॉकसी’ या क्रीडासाहित्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का किंवा ‘एएसटीएम’ या दुसऱ्या मानक संस्थेचा उल्लेख काही मास्कवर असतो, अनेकांवर नसतो. दोन मास्कमधून निवडायचं असेल तर शिक्का असलेला घ्या.

आता एक कळकळीची गोष्ट. आपल्याकडे बेळगावात उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत आहे. लोखंडाचं काहीही करून देणारे हुशार कारागीर तिथे आहेत, आणि म्हणून ‘सर, एक जाळी वेल्डिंग करून घेऊ, स्वस्तात होईल’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. हे करू नका. मास्कच्या जाळीला नुसतं मजबूत असून चालत नाही. धक्का बसल्यावर तो कपाळ आणि हनुवटीच्या गादीवर पसरला पाहिजे आणि सळी आत वाकून नाका-डोळ्याला लागता कामा नये. हाताने केलेला वेल्डचा सांधा नेमका चेंडूच्या माऱ्याने सुटला तर उघडं टोक आत, डोळ्याकडे येतं. बाहेरून किती जोर बसेल, सांधा कुठे सुटेल, हे तपासायची सोय वर्कशॉपमध्ये नसते. जुन्या मास्कची वाकलेली जाळी हातोडीने सरळ करून घेणंही याच कारणाने धोक्याचं.

मग मास्क येईपर्यंत काय? क्रिकेटचं चांगलं हेल्मेट सरावापुरतं पिचरला घालता येईल. हेल्मेट ‘बीएस ७९२८:२०१३’ या ब्रिटिश मानकाचं असेल तर त्याच्या जाळीची चेंडू आत घुसतो का याची चाचणी झालेली असते. ती चाचणी क्रिकेटच्या चेंडूने असते हे मात्र विसरू नका. शिवाय पुढच्या छज्ज्यामुळे वरचे चेंडू दिसायला त्रास होतो. ही तात्पुरती सोय समजा आणि त्या दिवसांत अंतर वाढवून, हलक्या चेंडूने सराव घ्या. मोटारसायकलचं हेल्मेट मात्र अजिबात नको. त्यात बाजूची नजर जाते आणि समोरची काच चेंडूसाठी बनवलेली नसते.

मास्क बसवणं: इथे घाई नको

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे सावकाश करा. शक्यतो सरावाच्या आधी, प्रत्येकीला समोर उभी करून.

सगळे पट्टे आधी सैल करा. मुलीने हनुवटी वाटीत टेकवावी, मग कपाळाची गादी भुवयांच्या वर, कपाळावर सपाट बसेल असा मास्क वर न्यावा. गादी भुवईवर टेकली तर मास्क खाली आला आहे, केसांवर चढली तर वर गेला आहे. आता मागचे पट्टे दोन्ही बाजूंनी एकदम ओढा. एकच बाजू आवळली की मास्क तिरपा होतो आणि एक सळी नेमकी बुबुळासमोर येते. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे.

मग तपासणी. तळहाताने मास्क समोरून चेहऱ्याकडे दाबा, जरा जोर लावून. नाक, ओठ, गालाचं हाड यांपैकी काहीही सळीला टेकलं तर ते माप तिचं नाही. बाजूने दाबूनही बघा. तिला मान जोरात ‘हो-नाही’ करायला सांगा, जागेवर उड्या मारायला लावा. मास्क सरकला तर हनुवटीची वाटी आणि पट्टे पुन्हा बघा.

शेवटी नजर. चेंडू तिच्या पायापुढे घरंगळत सोडा, मग डोक्यावर उंच फेका. दोन्ही वेळा तिला फक्त डोळ्यांनी चेंडू धरता आला पाहिजे. त्यासाठी मान फार वाकवावी लागली तर मास्कची बसण खाली-वर करून बघा. दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवा आणि ती दिसतात का विचारा. मुली लाजून ‘दिसतंय सर’ म्हणतात. म्हणून ‘किती बोटं आहेत?’ असं विचारा.

केसांची गोष्ट वेगळी काढतो, कारण ती आपल्या शाळांची आहे. रिबिनी लावून वर बांधलेल्या दोन वेण्यांवर मास्कचा मागचा पट्टा कधीच नीट बसत नाही. वेण्यांच्या गाठीवरून तो घसरतो आणि दोन डाव झाले की मास्क नाकावर. खेळाच्या तासाला मानेजवळ एकच वेणी घालू द्या, किंवा पट्ट्यांच्या मधल्या जागेतून पोनीटेल बाहेर काढा. यासाठी शाळेच्या बाईंशी आधी बोलून ठेवा, म्हणजे मुलीला दोन्हीकडून बोलणी बसणार नाहीत. धातूच्या क्लिपा काढा.

कानातले डूल आणि नाकातली चमकीही काढायलाच हवी, कारण मास्कचा पट्टा किंवा गादी तिच्यावर दाबली जाते. ‘कान बुजतील’ ही आयांची खरी काळजी असते. त्यावर कडुनिंबाची बारीक काडी हा आपल्याकडचा जुना उपाय खेळाच्या वेळी चालत नाही, कारण काडी टोचते. कान टोचून बरेच महिने झाले असतील तर दोन तास दागिना काढल्याने भोक बुजत नाही. नुकतेच टोचले असतील तर तेवढे आठवडे तिला पिचिंगऐवजी आउटफिल्डला ठेवा. चष्मा असेल तर काचेऐवजी प्लॅस्टिकच्या भिंगाचा असावा, आणि मास्क आणताना चष्मा घालूनच माप घ्यावं.

सवय पहिल्या दिवसापासून

मास्क सामन्यासाठी जपून ठेवणारे संघ मला सगळ्यात जास्त खटकतात. पिचर एका सामन्यात जेवढे चेंडू सोसते, त्याच्या कितीतरी पट सरावात सोसते. तिथे बॅटर नवख्या, मैदान खडबडीत, आणि एका वेळी दोन-तीन चेंडू हवेत. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोसारख्या मोकळ्या मैदानावर तर शेजारी क्रिकेटही चालू असतं. म्हणून मास्क सरावात आधी, आणि सामन्यात आपोआप.

पहिले काही दिवस मुली तक्रार करतात. ‘मला नको सर, काही दिसंनाच झालंय’ हे मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. ते खोटंही नसतं. सळ्या सुरुवातीला दिसतात, नंतर नजर त्यांच्या पलीकडे जमते. यासाठी पहिल्या दिवशी फक्त वॉर्म-अप आणि धावणं मास्क घालून. मग टेनिस बॉलने सावकाश झेल. मग ग्राउंडर. मग उंच झेल, कारण तिथे पायाजवळचं आणि वरचं दोन्ही बघावं लागतं. शेवटी पिचिंग आणि समोर बॅटर. मध्ये मुलीने मास्क काढून फेकला तर ओरडू नका, पट्टा तपासा. बहुतेक वेळा तो कुठेतरी टोचत असतो. एक फरक मात्र शिकवा: कॅचर उंच झेलाला मास्क काढून बाजूला फेकते, फील्डरने मास्क कधीच काढायचा नाही.

मास्क आहे म्हणून पवित्रा सोडायचा नाही. चेंडू टाकून झाल्यावर पिचरने दोन्ही पायांवर समतोल येऊन ग्लोव्ह छातीसमोर आणला पाहिजे. प्रत्येक चेंडूनंतर, बॅटरने फटका मारो न मारो. सराव सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून बेसच्या आसपासचे खडे वेचावेत. या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

मुलांच्या संघात अडचण वेगळी असते. ‘पोरींचं आहे’ म्हणून मुलं मास्क टाळतात. तिथे सगळ्यात चांगल्या खेळाडूला आधी मास्क घालायला लावा, बाकीचे मागून येतात. आणि मुलींच्या घरी ‘चेहरा खराब झाला तर पुढे कसं होणार’ असं बोललं जातं, तेव्हा बोलणं दात, जबडा आणि डोळ्यावर आणा. तो धोका मुलाला आणि मुलीला सारखाच आहे. मास्कमुळे मुलगी खेळात टिकते, हे घरच्यांना सांगायला हवं.

दातांसाठी माउथगार्ड मास्कच्या जोडीने वापरता येतो. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकार स्वस्तातला. दाताचं माप घेऊन केलेला जास्त चांगला बसतो. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. संघाने एकत्र जाऊन चौकशी केली तर सगळ्यांचं एकदम करून घेता येईल.

स्पर्धेच्या आधी

तालुका किंवा जिल्हा पातळीच्या स्पर्धेचं परिपत्रक कन्नडमध्ये येतं. त्यात मास्कबद्दल काही लिहिलं आहे का हे ज्याला नीट वाचता येतं त्याच्याकडून आधीच समजून घ्या. लिहिलेलं नसेल तर आयोजकांना मास्क दाखवून होकार घ्या, सामना सुरू होताना वाद नको. पालकांसाठी अर्ध्या पानाची सूचना मराठीत लिहून द्या: मास्क कधी घालायचा, दागिने काढायचे, केस कसे बांधायचे, सामान कोण नेणार. सांगितलेलं विसरलं जातं, कागद घरात राहतो. मैदानावर गेल्यावर कुठला मास्क कुणाचा हे मास्कच्या पट्ट्यावर नाव लिहून ठरवून टाका.

चेंडू लागलाच तर

मास्क चेहऱ्याची जखम टाळतो. डोक्याला बसलेला धक्का तो थांबवत नाही, कारण तो हेल्मेट नाही. मास्कवर जोरात चेंडू बसल्यावर मुलगी उठून ‘काही नाही सर’ म्हणाली तरी तिला बाहेर बसवा. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, गोंधळलेलं बोलणं, डोळ्यांवर झापड, यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी ती परत मैदानात जात नाही आणि डॉक्टरांकडे जाते. एकच वस्तू दोन दिसणं, दात एकमेकांवर न बसणं, गाल बधिर होणं, नाकातून पाण्यासारखं काही येणं ही हाड मोडल्याची लक्षणं असू शकतात. तेव्हा १०८ ला फोन करा.

नाकातून रक्त आलं तर आपल्याकडे मान मागे करून कांदा हुंगवतात. दोन्ही नको. बसवून, जरा पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सतत दाबून धरा. पक्का दात पडला तर तो मुळाकडून न धरता हिरडीबाहेर दिसतो त्या भागाला धरून उचला. मळला असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच जागी बसवा, नाहीतर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचवा. म्हणून मैदानाजवळ दूध कुठे मिळतं हे आधीच माहीत हवं.

मास्कची निगा

एकच मास्क दोघी-तिघी वापरत असतील तर प्रत्येक वापरानंतर गाद्या साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. प्रत्येकीने कपाळाला आपला सुती रुमाल बांधला तर घाम, मुरुम आणि उवा यांचा प्रश्न बराच कमी होतो. पॉलिकार्बोनेटच्या मास्कला पेट्रोल, रॉकेल, थिनर लावू नका, त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. तेल पेंटने रंगवणं, स्टिकर चिकटवणं याच कारणाने टाळा. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचेमागेही तो ठेवू नका.

पावसाळा ही वेगळीच कसोटी. खानापूरकडे तर जून ते सप्टेंबर घरातला कपडा वाळत नाही, मग बंद पिशवीतली फोमची गादी बुरशी धरणारच. या महिन्यांत गाद्या वेल्क्रोवरून सोडवून वेगळ्या वाळवा आणि मास्क खुंटीला मोकळा टांगा. चुलीजवळ किंवा भट्टीजवळ वाळवू नका, फोम कडक होतो. जाळीवरचा लेप निघालेल्या जागी गंज येतो. तो वेल्डच्या सांध्यावर असेल तर मास्क बाद करा.

पाऊस संपून ऑक्टोबरमध्ये सराव सुरू करताना प्रत्येक मास्क उजेडात धरून बघा: सळी वाकली आहे का, सांध्यावर चीर आहे का, दाबलेला फोम परत फुगतो का, पट्ट्याचं इलॅस्टिक ताणून परत येतं का, वेल्क्रो पकडतो का. पट्टा आणि गादी बदलता येतात. जाळी किंवा चौकट खराब असेल तर मास्क ‘नवख्यांना सरावासाठी’ म्हणून बाजूला ठेवू नका, मधोमध कापून भंगारात द्या.